वर्गणीतला अभ्यासू

परदेशातल्या कुठल्याही मराठी कंपूत तीन माणसं हमखास सापडतात. गणपतीची मूर्ती मांडीवर धरून विमानातून आणणारा, पुरणपोळ्यांच्या ऑर्डरी घेणारी आणि अभ्यासू. पहिल्या दोघांची आठवण वर्षातून एकदा होते. अभ्यासूची मात्र प्रत्येक वाढदिवसाला होते, कारण वर्गणी काढून भेट काय द्यायची हे तोच ठरवतो. म्हणजे तो ठरवत नाही, अभ्यास करतो. बाकीचे सगळे दमले की ते आपोआप ठरतं.

आमचा अभ्यासू नेदरलँड्समधल्या आइंडहोवनचा. चिप बनवणाऱ्या यंत्रांच्या धंद्यात आहे. दिवसभर नॅनोमीटरशी गाठ, त्यामुळे ‘साधारण’ आणि ‘अंदाजे’ म्हणणाऱ्या माणसांकडे तो थोडी कीव आल्यासारखं बघतो. खिशात मोजपट्टी असते. मिठाईच्या दुकानात बर्फी घेतानाही असते.

कंपूतल्या एकाची पन्नाशी आली. डच लोक म्हणतात, पन्नाशीला माणसाला अब्राहम दिसतो. त्या दिवशी घरासमोर दाढीवाल्या म्हाताऱ्याचा भलामोठा बाहुला उभा करतात. बाहुला भाड्याने मिळतो, तो दोन मिनिटांत ठरला. मग कुणीतरी ग्रुपवर टाकलं, “त्याला बिअर आवडते, तर घरी ड्राफ्ट बिअर देणारं मशीन देऊ या?” पटापट अंगठे आले. अभ्यासूचा आला नाही. त्यानं फक्त “बघतो” लिहिलं. जुन्या जाणत्यांनी ओळखलं, महिना गेला.

रात्री साडेअकराला एक्सेल शीट येऊन पडलं. पिंप किती लिटरचं, बिअर किती अंशांपर्यंत थंड होते, पंपाचा आवाज किती, खालचं ठिबकपात्र निघतं का, आणि सगळ्यात शेवटी ‘भावनिक मूल्य’, दहापैकी. भावनिक मूल्याला त्यानं सगळ्या मशीनना ६.५ दिले होते.

या मशीनची मेख अशी, की मशीन घेतलं म्हणजे सासरही आलं. क्रुप्सचं बिअरटेंडर हायनेकेनच्या घरचं, त्याला पाच लिटरची पिंपं. फिलिप्सनं काढलेलं परफेक्टड्राफ्ट एबी इनबेव्हच्या घरचं, त्याला सहा लिटरची; त्यात स्टेला आर्त्वा, लेफ, हेर्तोख यान अशी मंडळी. एका घरचं पिंप दुसऱ्या घरी चालत नाही. फिलिप्स तर १८९१ साली याच गावात बल्ब करायला निघालेली कंपनी, म्हणून गावाच्या अभिमानानं तिकडे पारडं झुकलं. तेवढ्यात कुणीतरी विचारलं, “पण तो पितो काय?” तो पितो बव्हारिया, शेजारच्या लीस्हाउट गावची. मशीनच्या पिंपांच्या यादीत तिचं नाव नव्हतं. अभ्यासू शांतपणे म्हणाला, “आवड बदलता येते. व्हॉल्व्ह बदलता येत नाही.”

मग मुदतीचा प्रश्न आला. पिंप लावल्यापासून तीस दिवस बिअर ताजी. सहा लिटर म्हणजे पाव लिटरचे चोवीस ग्लास. उत्सवमूर्ती चतुर्थी पाळतात, श्रावण पाळतात आणि सोमवारी ऑफिसला जातात. म्हणजे आषाढात लावलेलं पिंप गटारीपर्यंत संपलंच पाहिजे, नाहीतर श्रावणभर ते फुकट थंड करत बसायचं. त्यातून कोमट पिंप तीन अंशांवर यायला बारा तासांहून जास्त लागतात, म्हणजे अमावास्येची तयारी चतुर्दशीला. अभ्यासूनं शीटला पंचांगाचा वेगळा टॅब जोडला.

एका हिशेबी गृहस्थानं तोंड उघडलं. “अरे, चोवीस बाटल्यांचा क्रेट घ्या. सात लिटर दोनशे मिली होतात. रिकामा परत केला की अनामतीचे तीन युरो नव्वद सेंटही परत. मुदत नाही, मशीन नाही.” ग्रुपवर शांतता पसरली. अभ्यासूचं उत्तर एका शब्दाचं आलं: “फेस.”

त्यानंतर फेसावर निबंध आला. ग्लास थंड पाण्यात विसळून पंचेचाळीस अंशांत तिरका धरायचा, हळूहळू सरळ करत आणायचा, जास्तीचा फेस पट्टीनं कापायचा आणि वर दोन बोटं ठेवायचा; डच बारमध्ये तसंच करतात. “दोन बोटं कुणाची?” कुणीतरी विचारलं. तो टोमणा होता. अभ्यासूनं त्याची नोंद घेतली.

मधल्या काळात तो चहाच्या निमित्तानं मित्राच्या घरी जाऊन आला. “वहिनी, पाणी मी घेतो हं,” म्हणत स्वयंपाकघरात शिरला आणि त्यांची पाठ वळताच मिक्सर ते डबे अशी ओट्याची मापं घेतली. मशीन बसेल आणि जवळ प्लगही असेल अशी एकच जागा निघाली, देव्हाऱ्याशेजारची. शीटमध्ये त्यानं लिहिलं, ‘प्रकाशयोजना उत्तम’.

अखेर परफेक्टड्राफ्टच आलं. पहिल्या दिवशी ज्यानं मशीन सुचवलं होतं, त्याच्या मनातही हेच होतं. वहिनींनी मशीनकडे पाहिलं, देव्हाऱ्याकडे पाहिलं, आणि मशीन मागच्या शेडमध्ये सायकलींच्या शेजारी गेलं. त्याच्या पडद्यावर किती अंश, किती लिटर उरली आणि किती दिवस उरले हे दिसतं. वहिनी कपडे वाळत घालायला गेल्या की वाचतात आणि ग्रुपवर टाकतात: “४.१ लिटर, ३ दिवस. या सगळे.”

आणि सगळे जातात. भेट मित्राची, पिंपाचा खर्च त्याचा, चकल्या वहिनींच्या, बिअर आमची. वर्गणीचा इतका चोख परतावा कुठल्या बँकेनं दिलेला नाही. एकट्या माणसानं चोवीस ग्लास संपवायचे नसतात, हे अभ्यासूच्या शीटमध्ये कुठेही लिहिलेलं नव्हतं. पण दर महिन्याला सगळ्यात आधी शेडमध्ये तोच हजर असतो, पट्टी घेऊन.

आता त्याची स्वतःची पन्नाशी येते आहे. त्याला काय द्यायचं यावर ग्रुप हवालदिल झाला, कारण अभ्यास करायचा कुणी? चार दिवस कुणी काही बोललं नाही. पाचव्या दिवशी त्याचाच मेसेज आला: “सरप्राइज आहे म्हणून मी वाचणार नाही, पण कुणाला लागलंच तर.” खाली शीट, तेरा रकान्यांचं, वरचा पर्याय हिरव्या रंगात. तासाभरात प्रत्येकाच्या फोनवर टिक्की ॲपवरून वर्गणीची मागणीही आली. हिशेबाला तो पक्का आहे, ‘वर्गणीदार’ या रकान्यात स्वतःचंही नाव घातलं होतं. पैसे सगळ्यात आधी त्याचेच जमा झाले.