नाकेदाराची माय

आमच्या मूलमध्ये वनखात्यातून निवृत्त झालेला माणूस ओळखायला काही विचारावं लागत नाही. भाजीबाजारात तो मेथीची जुडी घेत नाही, तपासतो. आमच्या गल्लीतले नाकेदार त्यातलेच. (वनरक्षक हा कागदावरचा शब्द. इकडे नाकेदारच म्हणतात.) 1982 साली गडचिरोली वेगळा झाला, त्याच्या आधीच्या अखंड चंद्रपूर जिल्ह्यात ते नोकरीला लागले आणि 58व्या वर्षी त्यांनी खाकी उतरवली. नोंदवही काही सुटली नाही. जंगल हातून गेल्यावर देखरेखीजोगं घरात एकच काय ते उरलं होतं: 85 वर्षांची माय.

मायसाठी त्यांनी रीतसर 'कार्य आयोजना' तयार केली. खात्यात ती दहा वर्षांची असते, म्हणून हीही दहा वर्षांची. वहिनी म्हणाल्या, "आत्याबाई पुरतील दहा वर्षं. तुम्ही पुरता का?"

घराचे तीन बीट पडले: खोली, ओसरी आणि न्हाणी. पाणवठे चार. इकडे मे महिन्यात पारा 46-47 वर जातो आणि म्हातारपणी तहान लागल्याचंही नीट कळत नाही, त्यामुळे या बाबतीत नाकेदारांना हसायची सोय नाही. चार जागी चार तांबे, आतून खिळ्याने ओढलेल्या रेघा, दर दोन तासांनी पातळीची नोंद. पहिल्याच दिवशी माय सव्वातीन लिटर पाणी प्याली. नाकेदार खूश. आठवड्याभरात ओसरीजवळची तुळस मुळातून सडली, तेव्हा पाणवठ्याचा गैरवापर उघडकीला आला. मग नातीने कोणाला न विचारता एका तांब्यात कैरीचं पन्हं ओतलं, आणि त्या तांब्याची रेघ आपोआप खाली यायला लागली.

रात्रीचा प्रश्न अवघड होता. माय न्हाणीत जायला उठते आणि कोणाला उठवत नाही. पडली तर? नाकेदारांनी पलंगापासून न्हाणीपर्यंत बारीक चाळलेली माती अंथरली. वाघाचा माग घ्यायला जंगलात अशीच पट्टी करतात. पहाटे उकिडवे बसून बॅटरी मारायची नि लिहायचं: "रात्री दोन वेळा हालचाल. दिशा न्हाणी. परतीच्या खुणा स्पष्ट."

"मी का वाघ आहो का रे बाबू?" मायने विचारलं.

गल्लीने हे वाक्य महिनाभर पुरवून वापरलं. मीही वापरलं. पण तिसऱ्या आठवड्यात त्यांना दिसलं, की उजवं पाऊल नीट उमटतं आणि डाव्याची बोटं मातीतून ओढत जातात, वीतभर लांब ओरखडा. आम्ही रोज तिला ओसरीवर चालताना पाहत होतो, आमच्या कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. बाजूला मोजपट्टी ठेवून त्यांनी फोटो काढला आणि डॉक्टरांपुढे धरला. डॉक्टर हसले नाहीत. पाय तपासला, व्यायाम दिला, गुळगुळीत झालेल्या सपाता फेकायला लावल्या, न्हाणीत धरायला दांडा बसवा म्हणाले.

दांडा सागाचा. 2023 साली बल्लारपूरहून अयोध्येच्या मंदिराला साग गेला, मग मायच्या न्हाणीला बाभूळ कशी लावणार? दांड्याच्या वरच्या बाजूला खरेदीची पावती प्लास्टिकमध्ये घालून ठोकलेली आहे. नाकेदाराच्या घरात साग दिसला की लोक काय म्हणतात, हे त्यांना आपल्याहून जास्त ठाऊक.

आयोजनेत उठायची वेळ सहा होती. माय उठते चारला. मोहफुलांच्या दिवसांत जन्मभर पहाटेच टोपली घेऊन गेलेली बाई. मोह काही सहाची वाट पाहत नाही. नाकेदारांनी दुरुस्तीपत्रक काढलं: चार. पोळीऐवजी पातळ भात नि लाखोळीचं वरण, दुसरं दुरुस्तीपत्रक. दुपारच्या झोपेऐवजी ओसरीवर बसून तांदूळ निवडणं, तिसरं. असं करत करत सगळ्या वेळा मायच्याच झाल्या. सही तेवढी नाकेदारांची राहिली.

दिवाळीनंतर झाडीपट्टीत नाटकांचे दिवस आले. जवळच्या गावात वडशाच्या कंपनीचं नाटक लागलं आणि माय म्हणाली, जायचं. आयोजनेत रात्री नऊला झोप, शिवाय "एका जागी 15 मिनिटांपेक्षा जास्त बसू नये" असं लाल शाईत. शेवटी 'विशेष बाब' म्हणून मंजुरी मिळाली. सोबत गोधडी, काठी, बीपीची गोळी, थर्मास आणि नोंदवही.

दुसऱ्या दिवशीची नोंद नातीच्या अक्षरात आहे. मजकूर मायने सांगितलेला:

"रात्री साडेदहा ते पहाटे पाच. माय शेवटपर्यंत जागी. नाकेदार पहिल्याच अंकात झोपलेले आढळले. घोरण्याच्या खुणा स्पष्ट."

त्याखाली नाकेदारांनी 'पाहिले' असं लिहून तारखेसह सही केली आहे.