तुमचाच अंगठा राहिलाय

कार्यालयाच्या ग्रुपवर सूचना पडली: 'कामाच्या वेळेत मोबाईलमध्ये लक्ष घालू नये. अनोळखी लिंक उघडू नये. वाचल्याबद्दल सर्वांनी तातडीने अंगठा पाठवावा.'

म्हसवडात आज्ञा मोडत नाहीत. काउंटरवरचा कारकून तेव्हा एका म्हातारीच्या खात्याला नवा मोबाईल नंबर जोडत होता. खिशात फोन थरथरू लागला. आधी वरिष्ठांचे अंगठे, त्याखाली कनिष्ठांचे जोडलेले हात. एकाचा अंगठा चुकून उलटा गेला, त्याने माफी मागितली, त्या माफीला पुन्हा अंगठे. रजेवरच्याने रानातून पाठवला. कधीच निवृत्त झालेल्या अण्णांना ग्रुपमधून काढायचं कुणाला सुचलेलं नाही, त्यांनीही पाठवला. शेवटी साहेबांचा फोन, "तुमचाच अंगठा राहिलाय!" कारकुनाने तो पाठवला आणि म्हातारीच्या नंबरातला एक आकडा चुकला. आता तिचे ओटीपी भलत्याच माणसाच्या खिशात वाजतात. म्हातारीचा स्वतःचा अंगठा मात्र कष्टाने इतका झिजलाय की यंत्र तो ओळखतच नाही. तिला 'उद्या या'.

बरं, मोबाईल पेटीत ठेवून कुलूप लावावं, तर संगणकात शिरायचा ओटीपी त्याच मोबाईलवर येतो! म्हणजे तो हातात हवा, पण बघायचा नाही. त्यात गावच्या रथाची यात्रा झाली की लग्नसराई. समोर रांग, 'लिंक आली का?' म्हणून कोकलणारी माणसं, काउंटरच्या आत खुर्ची टाकून बसलेले कुणाचे तरी मेव्हणे, आणि फोनवर 'लग्नपत्रिका.एपीके'. शेवटची तीन अक्षरं बघायला डोकं जाग्यावर लागतं. पत्रिका म्हणजे चित्र किंवा पीडीएफ. एपीके म्हणजे ॲप, आणि हे ॲप तुमचे मेसेज वाचून ओटीपी परस्पर पळवतं. बिचारा कारकून कुणाचं लग्न म्हणून बघायला जातो.

पैसे गेले की मग चौकशी. निष्कर्ष ठरलेला: मानवी चूक. हा मानव नेहमी काउंटरवरचाच कसा असतो हो? चालू कामात पाच वेळा हाका मारणारा, रांगेला डावलून मेव्हण्यांना आत बसवणारा, एकाच संगणकावर तिघांना एकच पासवर्ड वापरायला लावणारा, हा कोण? दानव? अमेरिकेत 1981 पासून विमान कंपन्यांच्या वैमानिकांना नियम आहे: चढता-उतरताना विमान दहा हजार फुटांखाली असेल तेव्हा उड्डाणाखेरीज काही बोलायचं नाही, काही करायचं नाही. तिथं वैमानिकाला सतर्क राहण्याचा उपदेश करून भागवलं नाही, त्याला त्रास देणाऱ्यांची तोंडं बंद केली. इथं मात्र सतर्कतेचं प्रशिक्षण ऐन बाजाराच्या दिवशी, ऑनलाइन, काउंटर चालू ठेवून! आणि प्रशिक्षण संपल्यावर काय पाठवायचं, ते सांगायला नको.

वाचकहो, पैसे गेलेच तर आधी 1930 वर फोन लावा, ग्रुपवर नंतर कळवा. आणि काउंटरवरचा माणूस आकडे घालत असेल, तर तेवढा वेळ त्याला हाक मारू नका.