सेवाप्रमुख भाऊ, शाल परत घ्या

आदरणीय सेवाप्रमुख भाऊंस,


आधी माझं स्वतःचं हार्दिक अभिनंदन करून घेतो, तुमचं नंतर बघू. परवा आपल्या मंडळाच्या समारोपात सप्तशृंगी गडावरच्या चैत्रोत्सवाचा सेवा-अहवाल वाचला गेला. चतुर्दशीच्या पहाटे २ ते ४ या वेळात नांदुरीच्या पायथ्याशी, आपल्या पाणपोईवर, मी ६४० भाविकांना पाणी पाजलं, हे मला तेव्हाच कळलं. नोंदवहीत समोर माझी सहीही आहे. दुकानाच्या चेकवर मला आजवर इतकी सुवाच्य सही जमलेली नाही.

अडचण एवढीच की त्या वेळी मी वणीत, घरी, पंख्याखाली पालथा पडलो होतो.

पावणेचारला दचकून जागा झालो, गाडीला किक मारली आणि सव्वाचारला नांदुरी गाठली. आपल्या मांडवात ट्यूबलाइट लख्ख जळत होती, फलक झळकत होता आणि चारही जार आडवे पडले होते. चिटपाखरू नव्हतं. तेवढ्यात खानदेशातून चालत आलेली एक म्हातारी समोर उभी राहिली. डोक्यावर गाठोडं, पायांना चिंध्या बांधलेल्या, चपला हातात. तिनं फुलपात्र पुढे केलं.

"पानी शे का रे भाऊ?"

मी एकेक जार उचलून तिरपा केला. तिसऱ्यातून घोटभर निघालं, त्यातही मुंगी. म्हटलं, "नही शे."

ती काही बोलली नाही. फुलपात्र पदरानं पुसलं, गाठोड्यात खोचलं आणि घाटाच्या दिशेनं चालू लागली. पुढे गडापर्यंत दहा किलोमीटरची चढण.

भाऊ, ही म्हातारी तुमच्या ६४० मध्ये कितवी?

मी किराणा दुकानदार, हिशेब केल्याशिवाय झोप लागत नाही. चार जार म्हणजे ८० लिटर. ६४० जणांत वाटले तर माणशी १२५ मिली. एवढ्याला आमच्याकडे पाणी म्हणत नाहीत, तीर्थ म्हणतात. आणि तेही मुंगीसकट.

बाकीच्या तक्रारी एका दमात सांगून टाकतो. टी-शर्टांवर मंडळाच्या नावापेक्षा देणगीदाराचं नाव मोठं होतं. कचरा उचलण्याच्या सेवेचा फोटो ग्रुपवर आला, कचरा तिथेच राहिला. नाश्त्याची पाकिटं सेवेकऱ्यांपेक्षा जास्त आली आणि तरी पुरली नाहीत. हे सगळं माफ. आपल्या भागात रोजगार हमीच्या हजेरीपटावर मेलेल्या माणसांनी खडी फोडल्याच्या गोष्टी ऐकतच आपण मोठे झालो. तिथं निदान मजुरी लाटायची असते. आपण तर फुकटच्या कामात खोटी हजेरी लावली. मिळवलं काय? पुण्य? ते देणारी वर गडावर आहे. तिची मान एका बाजूला किंचित कललेली आहे. समोरच्या डोंगरावरून मार्कंडेय ऋषी सप्तशती म्हणायचे, ती ऐकण्यासाठी देवीनं कान दिला, असं लहानपणापासून ऐकत आलोय. आता तिनं त्याच कानानं आपला सेवा-अहवाल ऐकायचा का?

याच चैत्रोत्सवात दरेगावच्या गवळी घराण्यातला मानकरी रात्रीच्या अंधारात शिखरावर चढतो. कुठल्या वाटेनं जातो, पाय कुठे ठेवतो, कुणाला दिसत नाही. त्याचा ना फोटो, ना तक्ता, ना शेरा. सकाळी उजाडलं की शिखरावर ध्वज फडकताना दिसतो. दिसला, म्हणजे माणूस पोचला. आमचा ध्वज मात्र वहीत फडकतो आणि शिखर मोकळं.

आता चिडून बोलतो, राग मानू नका. मानलात तरी चालेल. तुमच्या त्या ६४० चा अर्थ कळतो का तुम्हाला? पुढच्या वर्षीही चारच जार येणार. कोण म्हणेल आठ पाठवा? कागदावर त्या रात्री कुणी तहानलेलंच नव्हतं! "पहाटे पाणी संपलं, माणूस आला नाही" एवढी ओळ लिहिली असती, तर पुढच्या चैत्रात टँकर उभा राहिला असता. तुमच्या सुवाच्य अक्षरानं त्या म्हातारीचं फुलपात्र पुढच्या वर्षीसाठीही उपडं करून ठेवलं.

इथवर काल दुपारीच लिहून झालं होतं. पत्र ग्रुपवर टाकणार, तेवढ्यात मेडिकलवाला दुकानात आला आणि बोलता बोलता भलतंच सांगून गेला. त्या रात्री दोनच्या सुमारास मांडवासमोर एक भाविक चक्कर येऊन पडला. तुम्ही त्याला मोटारसायकलवर मध्ये बसवलं, मागे त्याच्या सोबत्याला घेतलं आणि दवाखाना गाठला. सलाईन संपेपर्यंत, उजाडेपर्यंत, बाकावर बसून राहिलात. औषधाचे पैसेही तुमचेच.

मग मी फोन उघडून पाहिला. तुमचे तीन मिस्ड कॉल. २:१०, २:२५, २:४०. माझा फोन सायलेंटवर होता. ते मी आधीही पाहिले होते, भाऊ. पाहून गप्प बसलो होतो.

म्हणजे त्या रात्री आपल्या मंडळाकडून जी एकमेव खरी सेवा घडली, ती अहवालात नाहीच! का नाही, म्हणून वही मागवून पाहिली. रकाने चार : वेळ, सेवेकरी, लाभार्थी, शेरा. शेऱ्याच्या रकान्यात 'सेवा पूर्ण' हे छापूनच आलेलं. माणसानं लिहावं तरी कुठे? वरच्यांना आकडा हवा, तो त्यांना देणगीदाराला दाखवायचा असतो. मोकळी जागा दिसली की त्यांना तुम्हीच मोकळे बसलेले दिसता. तुम्ही मला वाचवलंत, मंडळाला वाचवलंत आणि स्वतःचं चांगलं काम लपवलंत. कॅथलिक ख्रिस्ती लोकांच्या चर्चमध्ये चुका कबूल करायला निदान एक खिडकी असते. आपल्या तक्त्यात तेवढी फटसुद्धा नाही.

माझ्या उधारीच्या वहीत येणं आणि देणं अशा दोन बाजू आहेत. फक्त येणं लिहीत बसलो असतो तर दुकान कधीच बुडालं असतं.

समारोपात पाहुण्यांनी माझ्या खांद्यावर शाल घातली, तेव्हा माईक हातभर अंतरावर होता. मी शाल सावरली, नारळ घेतला आणि फोटोसाठी हसलो. म्हणजे वहीत माझ्या नावाची जी सही तुम्ही केलीत, ती मी कायम केली असं समजा.

नारळ फोडून खाल्ला, त्याला इलाज नाही. शाल या पत्रासोबत पाठवतोय. त्या पानावरची माझी सही खोडा आणि छापलेल्या शेऱ्यावर आडवी रेघ मारून माझ्या वतीनं लिहा : "२ ते ४ — सेवेकरी घरी झोपला होता. पाणी नही शे." खाली सही करायला मी स्वतः येतो. तुमच्या अक्षराइतकी सुरेख येणार नाही.

तुमचा गैरहजर,
एक सेवेकरी, वणी