ड्रमवरची पाहुणी

गांधीलमाशी ओळखायला डोळ्यांची गरज नसते, पळायची तयारी पुरते. आमच्या शेजारच्या काकूंनी तरी गच्चीच्या उंबऱ्याबाहेर उभं राहूनच निकाल दिला होता. "गांधीलच! कुठंतरी पोळं असणार. धूर करा."

गच्चीत आमचा कढीपत्ता, जास्वंद, एक हट्टी मोगरा आणि ओल्या कचऱ्याचा निळा ड्रम. पावसाळा सुरू झाल्यापासून त्या ड्रमच्या झाकणावर काळीभोर, दीड-दोन सेंटिमीटर लांबीची, कमरेत बारीक अशी एक बाई मालकिणीच्या थाटात बसलेली असायची. खालच्या मजल्यावरचे निवृत्त बँक मॅनेजर फेऱ्या मारताना थांबले. म्हणाले, "गांधील कसली? कुंभारीण आहे. ही घरात आली की पाळणा हलतो." आमच्या दोघांच्या गुडघ्यांची अवस्था त्यांना ठाऊक असूनही म्हणाले. मोबाइलमधल्या ॲपने फोटो पाहून 'बहुधा कीटक' असं कळवलं. निदान त्याच्या मताला तरी खोडून काढता येत नव्हतं.

मग बरणी आणली. कीटक जरा गार केला की शांत बसतो, म्हणून बरणी थोडा वेळ फ्रिजमध्ये ठेवली. "ताकाच्या शेजारी?" एवढंच ही म्हणाली, पण त्या दोन शब्दांत पुढच्या आठवड्याचं हवामान होतं.

भिंगाखाली बाईंचं बिंग फुटलं. गांधीलमाशीला पंख चार, हिला दोनच. मागच्या जोडीच्या जागी दोन पांढुरक्या, देठाला लागलेल्या गुंड्या. उडताना या गुंड्या थरथरतात आणि अंग कुठे कलंडतंय ते तिला कळवतात. म्हणजे ही सरळसरळ माशी. आणि ती बारीक कंबर? ती मुळी नव्हतीच. पोटाच्या सुरुवातीला कातडीत दोन पारदर्शक खिडक्या होत्या. त्यांतून उजेड आरपार जायचा आणि तेवढा भाग कोरून काढल्यासारखा दिसायचा. व्यायाम नाही, पथ्य नाही! पायांची टोकं मात्र पांढरी, मोजे घातल्यागत. ब्लॅक सोल्जर फ्लाय, शास्त्रीय नाव हर्मेटिया इल्युसेन्स.

नुसत्या नावावर काकूंचं समाधान होईना. त्या वधूवर सूचक मंडळाचं काम बघतात.

"मूळ गाव?"

"अमेरिका. आता जगभर असतात."

काकू उंबरा ओलांडून आत आल्या. "घराणं?"

"स्ट्रॅटिओमायडी. लिनियसने १७५८ सालीच हिची नोंद केली आहे."

"आणि करते काय?"

हा प्रश्न अवघड होता. मोठेपणी ती जवळजवळ काहीच करत नाही. चावत नाही, डंख मारत नाही; डंखच नाही तिला. आठवडा-दोन आठवडे जगते, जोडीदार गाठते, कचऱ्याजवळच्या कोरड्या फटीत शेकडो अंडी घालते आणि संपते. खाण्यापिण्याचा खरा कारभार बालपणीच उरकलेला असतो. भाजीची देठं, आंब्याच्या साली, शिळा भात, सगळं अळ्या फस्त करतात. ड्रमला कान लावला तर त्यांची सरसर ऐकू येते. त्यांचं राज्य असलं की घरमाशा तिथे फारशा अंडी घालत नाहीत. याच अळ्या वाढवून कोंबड्यांना आणि मत्स्यशेतीत खाद्य म्हणून घालतात, त्याचे कारखाने चालतात.

"सोन्यासारखं स्थळ!" काकू म्हणाल्या. धुराचा विषय परत निघाला नाही. परदेशचं म्हटल्यावर डंखाची भीतीही कमी होते, असं माझं निरीक्षण आहे.

एक बाब मात्र मी काकूंना सांगितली नव्हती. पोट भरलं की या अळ्या काळपट होतात, खाणं सोडतात आणि कोशासाठी कोरडी, अंधारी जागा शोधत कचऱ्यातून बाहेर पडतात. ओलसर भिंत चढायला त्यांना काही वाटत नाही. आमच्या अळ्यांनी रात्री पन्हळीची वाट धरली. सकाळी मॅनेजरसाहेब वर्तमानपत्राच्या घडीवर चार-पाच नग घेऊन दारात.

"हे तुमचं का? माझ्या योगासनांच्या सतरंजीखाली होतं."

मी कोशाची अवस्था समजावून सांगितली. दोनेक आठवडे गप्प पडून राहतील, मग पंख फुटून बाहेर येतील.

"म्हणजे मुदत ठेव."

"तसंच म्हणा."

"व्याज?"

"एका मादीमागे पाचशेच्या आसपास अंडी."

साहेबांनी घडी माझ्या हातात दिली. "मुदतीआधी मोडा."