पाण्यावर उभे राहून अकरा गावे कशी करावीत?

नेदरलँड्सच्या उत्तरेला फ्रिसलँड नावाचा प्रांत आहे. तिथे डोंगर नाही, टेकाड नाही. नजर जाईल तिथवर हिरवी कुरणं, गायी आणि कालवे. अशा निरुपद्रवी मुलखात धडधाकट माणसाला रडवायचा पक्का बंदोबस्त २००९ सालापासून आहे. विंडसर्फर अ‍ॅन-मरी राइखमन यांनी सुरू केलेल्या या शर्यतीचं नाव 'सप इलेव्हन सिटी टूर'; 'सप' म्हणजे 'स्टँड-अप पॅडल', उभ्यानं वल्हवणं. चौदा फुटी बोर्डावर उभं राहून, एका वल्ह्याच्या जोरावर, पाच दिवसांत २२० किलोमीटर आणि अकरा गावं. ज्यांना पाच दिवस रजा मिळत नाही त्यांच्यासाठी हेच अंतर न थांबता कापण्याची सोयही आहे. इच्छुकांनी पुढील सूचना काळजीपूर्वक, आणि शक्यतो बसून, वाचाव्यात.

१. कारण पाठ करून ठेवावे

घरचे "कशाला?" असं विचारणारच. तेव्हा इतिहासाचा आधार घ्यावा. याच अकरा गावांना जोडणारी, गोठलेल्या कालव्यांवरची 'एल्फस्टेडनटोख्त' ही स्केटिंगची शर्यत १९०९ मध्ये सुरू झाली. अंतर सुमारे २०० किलोमीटर. १९९७ च्या जानेवारीनंतर मात्र ती भरलेली नाही, कारण तेवढा जाड बर्फ सगळीकडे धरलाच नाही. बर्फाची वाट पाहत म्हातारं होण्यापेक्षा पाण्यात उतरलेलं बरं, असं गंभीर चेहऱ्यानं सांगावं. कुणालाही पटत नाही, पण सनावळ्या ऐकल्या की लोक विषय बदलतात.

२. उभे राहण्याचा सराव करावा

नवखे उमेदवार दंड कमावतात. दंड बिचारे शेवटपर्यंत टिकतात. आधी बंड करतात ती पावलं. चालताना पोटऱ्या आवळतात, सैल होतात आणि रक्त वर ढकलत राहतात. बोर्डावर मात्र पाऊल जागचं हलत नाही. तोल सांभाळायला बोटं नकळत खालचा रबर धरू पाहतात, तळवे आखडतात, मग मुंग्या येतात. त्यानंतर काहीच येत नाही आणि खाली पाहून पाय आपलेच आहेत ना, याची खात्री करावी लागते. उपाय एकच: गुडघे किंचित वाकवावेत, दर थोड्या वेळानं बोटं मुद्दाम हलवावीत, एक पाय वीतभर मागे घेऊन पुन्हा पुढे आणावा. विठोबाचा दाखला कुणी देऊ नये. त्याची वीट हलत नाही, शिवाय त्याला हात कमरेवर ठेवायची मुभा आहे.

३. वल्हे उलटे धरू नये

वल्ह्याचं पातं दांड्याशी थोडा कोन करून असतं. तो कोन पुढच्या दिशेला हवा. पाणी आपल्याकडे ओढायचं म्हणून पुष्कळजण पातं उलटं फिरवतात आणि काठावरच्या गायींनाही ते कळतं. कमरेतून वाकून पातं पुढे टाकावं, पूर्ण बुडवावं, आणि पावलापाशी आलं की बाहेर काढावं. त्यामागे ओढत राहिल्यास पाणी नुसतं वर उचललं जातं आणि बोर्डाचं शेपूट बसतं. काही स्ट्रोक झाले की बाजू बदलावी, नाहीतर बोर्ड कुरणाकडे वळतो. मिनिटाला चाळीस स्ट्रोक धरले तर सहा तासांत १४,४०० होतात. हा हिशेब आदल्या रात्री करू नये.

४. वाऱ्याशी वाद घालू नये

सपाट प्रदेशात वाऱ्याला अडवणारं कुणी नसतं, तुम्ही सोडून. समोरून वारा आला की उभं शरीर शिडाचं काम करतं, फक्त उलट्या दिशेनं. स्लोटरमेरसारख्या उघड्या तळ्यावर तर स्वाभिमान बाजूला ठेवून सरळ गुडघे टेकावेत. आडवा वारा असेल तर एकाच बाजूनं वल्हवावं लागतं. दुसऱ्या खांद्याला हेवा वाटेल अशी त्या खांद्याची सेवा रात्री करावी लागते. शहाणे लोक पुढच्याच्या बोर्डाला खेटून त्याच्या लाटेत राहतात. त्यात श्रम वाचतात, मात्र आळीपाळीनं पुढे जायचा संकेत आहे. आपली पाळी आली की काहींना नेमकी तेव्हाच तहान लागते. अशांना ओळखून ठेवावं, आणि त्यांच्या मागे राहू नये.

५. पूल आणि पोट सांभाळावे

फ्रिसलँडचे बरेच पूल ठेंगणे आहेत. वेळीच खाली बसावं; पूल वाकत नाहीत. पाठीवरच्या पिशवीच्या नळीनं थोडं थोडं पाणी पीत राहावं आणि भूक लागायच्या आत खावं. तिसऱ्या दिवशी गोड एनर्जी जेलचं नाव काढलं तरी घशाशी येतं, म्हणून काहीतरी खारट जवळ ठेवावं.

६. स्थलदर्शन करावे

वेळ नसतोच, तरी फ्रानेकर चुकवू नये. लोकर पिंजणाऱ्या आइसे आइसिंगानं तिथे आपल्या बैठकीच्या खोलीच्या छतावर चालती ग्रहमाला बसवली. १७८१ मध्ये पुरी झालेली ही यंत्रणा आजही फिरते. तिच्यातला शनी खऱ्या शनीप्रमाणे एका फेरीला एकोणतीसहून अधिक वर्षं घेतो. आपल्या मागे साडेसाती लागली आहे, अशी शंका असणाऱ्यांनी त्याची भेट घ्यावी. पाच दिवसांत फेरी पुरी करणाऱ्यांना तिथे आपला वेग एकाएकी उत्तम वाटू लागतो.

७. निकाल कसा सांगावा

बार्टलहीम या वस्तीवरून डोक्कुमला जायचं आणि पुन्हा बार्टलहीमवरूनच परतायचं, हे शेवटच्या टप्प्यात कळलं तरी रडू नये. लेउवार्डनची समाप्तीरेषा ओलांडावी आणि मिळेल तिथे बसावं. गावी परतल्यावर शेजारचे काका विचारतील, "कितवा आलास रे?" आकडा सांगू नये. ताठ मानेनं म्हणावं, "काका, उभा आलो."