घोटाभर

लोणावळ्याला भाड्याच्या बंगल्यात मेव्हण्यानं पूल पार्टी दिली, तिथं मला ही लागण झाली. निळंशार पाणी, त्यावर तरंगत्या मेणबत्त्या, काठावर पांढऱ्या लिननमधली माणसं आणि प्रत्येकाच्या ग्लासात काकडीची एकेक चकती. आमच्याकडे काकडी कोशिंबिरीत जाते. ग्लासाच्या कडेला बसवून तिचा असा सत्कार होतो हे मला ठाऊक नव्हतं. परतताना घाटात मी बोलून गेलो, "यापेक्षा झकास पार्टी मी आपल्या गच्चीवर करून दाखवतो."

"तुम्हाला पोहता येत नाही," बायको म्हणाली.

हे खरं आहे. लहानपणी आजोळच्या विहिरीत मामानं माझ्या पाठीला पांगाऱ्याचा बिंडा बांधून मला ढकललं होतं. बिंडा उत्तम तरंगला. मी त्याच्या खाली होतो. पण यजमानाला कुठे पोहायचं असतं? त्यानं काठावर उभं राहून लोकांना "या, या" म्हणायचं असतं.

मी हवा भरायचा पूल मागवला. व्यास १० फूट, खोली अडीच फूट. पाहुण्यांना निरोप धाडला : मे महिन्यातला दुसरा शनिवार, संध्याकाळी सहा, ड्रेस कोड पेस्टल. पेस्टल म्हणजे काय, हे नऊ जणांनी फोन करून विचारलं. मुलीनं सांगितलं, "फिकट रंग, बाबा." मग मला काळजी उरली नाही. माझे सगळेच शर्ट धुऊन धुऊन पेस्टल झाले आहेत.

शुक्रवारी गच्चीवर पूल पसरला आणि खालच्याच मजल्यावरचे काका वर आले. काका बांधकाम खात्यातून इंजिनिअर म्हणून निवृत्त झालेत. खातं मात्र त्यांच्यातून अजून निवृत्त झालेलं नाही.

"पाणी किती भरणार?"

"फार नाही, दोन फूट."

काकांनी खिशातून पेन काढलं. दोन फूट म्हणजे ६० सेंटिमीटर. एका चौरस मीटरवर ६०० लिटर, म्हणजे ६०० किलो. वापरातल्या गच्चीचा स्लॅब एका चौरस मीटरला १५० किलो भार धरून बांधलेला असतो. "म्हणजे चौपट," काका म्हणाले. "तुमची पार्टी सुरू होईल गच्चीवर, पण संपेल माझ्या दिवाणखान्यात."

"मग सहा इंच भरतो. बरोबर दीडशे किलो होतात."

"आणि माणसं? त्यांना वजन नसतं?"

बरीच घासाघीस झाली. बाजारात मी भेंडीवर इतकी करत नाही. शेवटी काका चार इंचांवर आले आणि एका वेळी आत किती जणांनी उतरायचं, तेही ठरवून दिलं. मी चेहरा पाडला, पण आतून मला केवढं हायसं वाटलं! चार इंचांत बुडालेला माणूस अजून ऐकिवात नाही.

आता पाणी. गच्चीवर पाण्याची टाकी शेजारीच, त्यामुळे नळ सोडला की झालं, असा माझा हिशेब. टाकीच्या पाण्याला खाली तळमजल्यावर जोर असतो. टाकीच्या बुडाशी लावलेल्या नळीतून ते पेन्शनरासारखं चालत येतं. शनिवारी दुपारी बारा ते साडेतीन, सातशे लिटर. त्यात काळी टाकी, मे महिन्याचं ऊन. आलेलं पाणी इतकं कढत की पुलाऐवजी बंब भरतोय असं वाटावं. सरबतासाठी आणलेला दहा किलो बर्फ मी सगळा पुलात ओतला. काकांनी तिथंच आकडेमोड केली : "दीड अंशानं उतरेल." पारा तेवढाच उतरला. सरबत मात्र शेवटपर्यंत कोमट राहिलं.

पुलाची शान म्हणून मी हवेचा गुलाबी फ्लेमिंगो आणला होता. पंप आला नव्हता, म्हणून तोंडानं फुगवला. मान उभी राहीपर्यंत माझ्या डोळ्यांपुढे काजवे चमकत होते. पुलात सोडला, तर तो जागचा हलेना. बूड तळाला टेकलं होतं. मुलगी म्हणाली, "बाबा, भिगवणचे फ्लेमिंगो असेच तर उभे असतात, उथळ पाण्यात, चिखलात." उजनीच्या फुगवट्यावर भल्या पहाटे थंडीत कुडकुडत पाहिलेले ते रोहित मला आठवले. म्हणजे चार इंच पाण्यात अस्सल दिसणारा आमच्या पार्टीत तो एकटाच होता.

सहाला पाहुणे आले. मेव्हणा पांढऱ्या लिननमध्ये आला, पूल पाहिला आणि म्हणाला, "भरायचा राहिलाय का?" आत्यांनी मात्र खुर्ची ओढली, साडी वीतभर वर घेतली आणि पाय पाण्यात सोडले. "गरम आहे हो छान! मीठ टाका थोडं, टाचा दुखतात." पाठोपाठ चार खुर्च्या लागल्या. मीठ आलं. कोणीतरी टाच घासायचा दगड मागितला. तरंगत्या मेणबत्त्यांच्या उजेडात, गुलाबाच्या पाकळ्यांमधून, पाच ज्येष्ठ महिला पाय शेकत गुडघ्यांच्या ऑपरेशनबद्दल बोलत होत्या. काकडीच्या चकत्या मेव्हण्यानं मीठ लावून खाल्ल्या.

तरी यजमानानं काही करायला हवं. "अहो, आत उतरा की कोणी!" म्हणत मी रुबाबात पाय टाकला. पाकळीवरून तो सटकला आणि मी पाठीवर, थेट फ्लेमिंगोवर आदळलो. फ्लेमिंगोनं दीर्घ सुस्कारा सोडला. नाकात पाणी गेलं, आजोळची विहीर आठवली, आणि मी हातपाय झाडत जे ओरडलो ते "धरा, धरा" होतं, असं सगळे सांगतात. पाचही जणींनी पाय वर घेतले. बायको काठावरून शांतपणे म्हणाली,

"अहो, नुसते उठून बसा."

मी उठून बसलो. पाणी कमरेपर्यंतही नव्हतं.

नऊला पार्टी संपली असं मला वाटलं. पण पाणी सोडून द्यायला मी टोपी उघडायला वाकलो, तोच जिन्यात बादल्यांचा आवाज आला. टँकरचे दिवस; सातशे लिटर गटारात जाणार ही खबर पाचही मजल्यांवर पोचली होती. पार्टीला 'जमणार नाही' कळवलेली मंडळीही रांगेत होती. "झाडांना नका हं घालू, मीठ आहे," आत्या प्रत्येकाला बजावत होत्या. मग कोणी जिने धुवायला नेलं, कोणी संडासात टाकायला. गर्दी पार्टीपेक्षा दुप्पट होती आणि ड्रेस कोडही पाळला गेला : सगळे जुन्या, विटक्या कपड्यांत.

काका शेवटच्या दोन बादल्या घेऊन निघाले, जिन्यात थांबले आणि म्हणाले, "पुढच्या वर्षी पाच इंचांना परवानगी देतो. तुम्ही आत पडणार नसाल तर."