वेताळ टेकडीची हवा

कोथरूडहून वेताळ टेकडीचा माथा म्हणजे काही कैलास नव्हे. समुद्रसपाटीपासून तो सुमारे 800 मीटर उंच असला, तरी मुळात पुणेच इतक्या उंचावर वसलेले आहे की प्रत्यक्ष चढण थोडकीच उरते, आणि पहाटे मफलर गुंडाळून निघालेले पेन्शनर लोक ती गप्पांत खंड न पाडता चढतात. परंतु आमच्या भाच्याने ही यात्रा आपल्या माउंटन बाइकवरून, आणि तीही दोन्ही चाकांतील ट्यूबांना कायमची रजा देऊन करण्याचे फर्मान काढल्यामुळे, प्रस्थान ठेवल्यापासून प्रत्यक्ष निघेपर्यंत एवढा काळ लोटला की तेवढ्यात एखादा वारकरी पंढरी करून परत आला असता.

सन 1888 मध्ये बेलफास्ट येथील जॉन बॉइड डनलॉप नामक पशुवैद्याने आपल्या मुलाच्या तीनचाकीस हवेची रबरी धाव चढविली, तेव्हापासून सायकलस्वाराच्या नशिबी सुख आणि पंक्चर ही दोन्ही एकदमच आली. पुढे 1999 च्या सुमारास माव्हिक, हचिन्सन आणि मिशलॅं या फ्रेंच कारखानदारांनी डोंगरी सायकलीसाठी ट्यूबविरहित चाकाची तजवीज केली. भाच्याचे प्रतिपादन असे की, ट्यूब असली म्हणजे दगडावर आपटताच ती टायर आणि रिम यांच्या चिमट्यात सापडून फाटते, म्हणून हवा टणक ठेवावी लागते. ट्यूबच नसली म्हणजे 25 पौंडांच्या आसपास हवेवरही चाक खडकाला बिलगून चालते, आणि बाभळीचा काटा शिरलाच तर आतील सीलंट त्या भोकात धावून जाऊन थिजते. सिद्धान्त निर्दोष होता. सिद्धान्तास हवा भरावी लागत नाही.

शस्त्रक्रियेसाठी दिवाणखाना मुक्रर झाला. रिम स्पिरिटने पुसून, आऱ्यांची भोके बुजतील अशा बेताने तिच्यावर टेप ताणून बसविण्यात आली. व्हॉल्व्हच्या जागी दाभणाने छिद्र पाडून नवा व्हॉल्व्ह कसण्यात आला. टायरच्या कडांना लावण्यासाठी साबणाचे पाणी स्वयंपाकघरातून, गृहखात्याच्या पूर्वपरवानगीवाचून, हस्तगत करण्यात आले. "मामा, तुम्ही चाक तेवढं धरा," असे म्हणून भाचा पंपावर तुटून पडला. हवा एका बाजूने आत जाई आणि टायरच्या सबंध परिघातून, साबणाचे सुरेख बुडबुडे काढीत, बाहेर येई. टायरची कड रिमच्या खोबणीत जाऊन बसावयाची तर हवेचा लोंढा एकदम यावा लागतो, आणि हातपंप हा स्वभावतः हप्त्याहप्त्याने देणारा सावकार आहे, हे ज्ञान आम्हांस दोघांचेही दंड भरून आल्यावर झाले.

अशा रीतीने प्रवासाचा पहिला टप्पा टेकडीच्या नेमक्या उलट दिशेस, एकेक चाक काखोटीस मारून, पौड रस्त्यावरील पंक्चरवाल्यापर्यंत पायी पार पडला. वाटेत भेटलेल्या प्रत्येक परिचिताने "पंक्चर वाटतं?" अशी विचारपूस केली, आणि पंक्चर होऊ नये म्हणून पंक्चरवाल्याकडे निघालो आहोत, हा आमचा जबाब कोणासही पटला नाही. खुद्द त्या कारागिरानेही चाक फिरवून पाहिले.

"ट्यूब कुठंय?"

"ट्यूब नाही."

"मग मी काढू काय?"

सायकलीच्या बारीक व्हॉल्व्हवर त्याच्या कॉम्प्रेसरची नळी बसेना, तेव्हा भाच्याने खिशातून नखाएवढा पितळी जोड काढला. हवा सुटताच टायर फुगले आणि त्याच्या कडा जागेवर बसल्याचे दोन असे बार झाले की समोरच्या अमृततुल्यातील गिऱ्हाइके कप हातात घेऊन बाहेर आली. पंक्चरवाल्याने हवेचे पैसे घेतले नाहीत. "ट्यूब टाकायची झाली की या," एवढेच तो म्हणाला, आणि त्याच्या स्वरात घाई नव्हती.

घरी सीलंट भरतानाचा वृत्तान्त संक्षेपाने सांगतो. ते पातळ, पांढरे रबरी दूध असते, त्याला अमोनियाचा दर्प असतो, आणि गालिच्यावर सांडले असता ते तेथेही तितक्याच निष्ठेने थिजते.

अखेर एका रविवारी स्वारी निघाली. भाचा सायकलीवर आणि मी पायी. खडा चढ आला की तो उतरून सायकल ढकली, त्यामुळे आमची संगत सुटली नाही. फिरावयास आलेल्या एका वृद्ध गृहस्थांनी वाट देताना, टेकडी ही पायांसाठी आहे, असा निवाडा ऐकविला, आणि त्यात तथ्य नाही असे मला म्हणवेना. टेकडीवरील खाणीच्या अलीकडे मागील चाकात खरोखरच काटा रुतला. भाच्याने तो समारंभपूर्वक उपटला. पांढरी चिळकांडी माझ्या धोतरावर उडाली, चाक दोनचार वेळा गरगरले, आणि हवा थांबली. हे मी डोळ्यांनी पाहिले आहे, आणि त्या द्रव्यास त्याचे श्रेय दिलेच पाहिजे.

मात्र हे सीलंट काही महिन्यांत आतल्या आत वाळते, आणि पुण्याच्या वैशाखात त्याहूनही लवकर. ज्या वाचकांस हा उद्योग करावयाचा असेल त्यांनी बाटली प्रथम चांगली हलवून घ्यावी, पितळी जोड घरी विसरू नये, आणि टायर मोठ्या चिरेने फाटल्यास सीलंटचा इलाज चालत नाही, म्हणून पिशवीत एक ट्यूब असू द्यावी.